तुरीवरचा पांढरा ठिपका

नमस्कार श्रोतेहो.

खळ्यावरची तूर घरात येण्याचे हे दिवस. पोतं शिवायच्या आधी एवढं करा. मूठभर दाणे तळहातावर घ्या, उन्हात उभं राहा आणि निरखून बघा. एखाद्या दाण्याला खसखशीहून बारीक पांढरा ठिपका चिकटलेला दिसेल. ते कडधान्यातल्या भुंगेऱ्याचं अंडं. ताजं असतं तेव्हा काचेसारखं असतं, डोळ्यांना सहसा दिसतच नाही. त्यातली अळी खालून थेट दाण्यात शिरते, तिने पोखरलेला भुसा अंड्याच्या टरफलात भरतो आणि मग ते पांढरं होतं. म्हणजे ठिपका दिसला तेव्हा अळी आत गेलेली असते. महिनाभराने दाण्याला गोल भोक पाडून भुंगेरा बाहेर येतो. तो स्वतः दाणा खात नाही, दहा-बारा दिवसच जगतो, पण तेवढ्यात एक मादी ऐंशी-शंभर अंडी घालते.

आपल्याला वाटतं, कीड कोठीत लागली. खरं तर ती बऱ्याचदा शेतातूनच येते, वाळत आलेल्या शेंगांवरून. म्हणून डब्यात वरून चार कडुनिंबाची पानं टाकून भागत नाही. कडुनिंबाचा खरा कडवटपणा निंबोळीच्या बीच्या आतल्या गरात, पानात त्या मानाने फारच कमी. घरोघरी पानंच टाकतात, मीही वर्षानुवर्षं टाकली.

माझी आत्या मात्र एरंडेल लावायची. परातीत तूर, बाजूला वाटीत जरासं तेल. दोन्ही तळव्यांना चोळायची आणि दाणे हातात घोळवायची. मी विचारलं, "आत्या, किती तेल?" तर म्हणे, "दाणा चमकला पाहिजे, बोटाला चिकटता कामा नये." मोजून सांगायचं तर किलोला पाच मिली, म्हणजे एक छोटा चमचा. क्विंटलला अर्धा लिटर. आधी दोन-तीन किलो दाण्यांना सगळं तेल चोळायचं, मग ते उरलेल्या ढिगात कालवायचे, म्हणजे सारखं लागतं.

हे तेल करतं काय? अंड्याला हवा लागते. तेलाचा पातळ थर बसला की आतला जीव गुदमरतो. शिवाय तेलकट दाण्यावर मादीला अंडी नीट चिकटवता येत नाहीत. पण आत शिरलेल्या अळीला त्याचा फारसा त्रास होत नाही. म्हणून तेल लावायची वेळ मळणीनंतर लगेच. जून उजाडल्यावर डब्यात भुंगेरे फिरताना दिसले आणि मग तेलाची बाटली काढली, तर उशीर झाला. आधी कडक उन्हात तूर वाळवा, दाताखाली कट्‌कन फुटेल इतकी. चाळा, गार होऊ द्या, मग तेल लावा.

खायच्या तुरीला एरंडेल किंवा शेंगदाण्याचं तेल. निंबोळीचं आणि करंजाचं तेल फक्त बियाण्याला, तेही त्याच मापात. जास्त तेलाने उगवण बिघडू शकते. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजा. वेखंडाची पूडही चालते, किलोला दहा ग्रॅम, भुंगेऱ्याच्या मादीची प्रजाच खुंटते तिने. पण हीसुद्धा बियाण्यापुरतीच. वेखंड घरात बाळगुटीला असतं म्हणून ते डाळीत मिसळू नका, बाळाचा डोस कुठे आणि किलोभर धान्याला दहा ग्रॅम कुठे!

एक प्रश्न मला नेहमी विचारतात. दशपर्णी अर्क उरलाय, तुरीवर शिंपडू का? नको. तो दहा झाडांच्या पाल्याचा पाण्यातला अर्क, उभ्या पिकावर फवारण्यासाठी. पाच टक्के निंबोळी अर्काचंही तेच. साठवणीत पाण्याचा थेंब गेला की किडीआधी बुरशी येते. अंगाचा ओलावा घालवायला आपण तूर उन्हात टाकतो आणि मग तिच्यावर पाणी मारायचं?

घरच्यापुरती तूर असेल तर भरडून डाळ करून ठेवणं सोपं. अंडी घालायला मादीला सालीसकटचा गुळगुळीत अख्खा दाणा लागतो, भरडलेल्या डाळीकडे ती सहसा फिरकत नाही. वाल, चवळी, मूग मात्र अख्खेच लागतात. त्यांना तेल लावाच, आणि डबा काठोकाठ भरा. तीन-चार महिन्यांनी तेलाचा जोर ओसरतो, तेव्हा झाकण उघडून पुन्हा मूठभर दाणे उन्हात न्यायचे. ठिपका दिसला तर ते पोतं आधी संपवायचं.

नमस्कार.