जव्हारचा राजवाडा आणि मृगातलं शेवळं

(फाटकापासून घुमटापर्यंत)

हा जव्हारचा जयविलास राजवाडा. पालघर जिल्ह्यात, डोंगरमाथ्यावर, गुलाबी छटेच्या दगडात राजे यशवंतराव मुकणे यांनी बांधून घेतलेला. मुकणे घराणं महादेव कोळी. म्हणजे हे आदिवासी राजांचं घर. फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येक मुलाला ही गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी.

(पायऱ्यांवर बसलेली मुलं)

आज आलेली मुलं आसपासच्या पाड्यांवरची आहेत. वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी. या राजघराण्याचे मूळपुरुष जयबा मुकणे यांची कथा ऐकतायत. जयबांनी इथल्या वारली नायकाकडे बैलाच्या कातड्याएवढीच जमीन मागितली. नायक हो म्हणाला. जयबांनी कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या, आणि त्या घेरात मावली तेवढी जमीन घेतली. १३४३ साली त्यांच्या मुलाला दिल्लीच्या सुलतानाकडून निमशहा हा किताब मिळाला. हे जव्हार संस्थान विलीन झालं ते १९४८ साली.

कथा चतुराईची म्हणून सांगतात. पण ज्याची जमीन गेली, तो कथेत नुसताच ‘वारली नायक’. त्याची बाजू ऐकायची तर राजवाड्यामागच्या झाडीत उतरायला हवं.

(झाडी, ओली माती, आजींचे हात)

मृगाची सर नुकतीच येऊन गेलीय. पालापाचोळ्यातून जांभळट कोंब वर आलेत. शेवळं! पहिल्या पावसात येणारी रानभाजी. पाड्यावरच्या आजी ते कोंब मुळाला धक्का न लावता खुडतात, म्हणजे पुढच्या वर्षीही तिथेच येतील. मग एकेक पाकळी सोलतात, आतला पिवळा भाग काढून टाकतात. तो राहिला तर घसा खाजून हैराण व्हायला होतं. एवढ्यावर भागत नाही. सोबत काकडं लागतात, आवळ्यासारखी दिसणारी, हिरवी, आंबट फळं. त्यांच्या आंबटपणानं शेवळांची खाज मरते. कुठल्या कोंबाला कुठलं फळ, हे इथल्या बायकांनी किती पिढ्या चाखून ठरवलं असेल! हाही जव्हारचा इतिहासच आहे, आणि तो शिकवायला आजींइतकं अधिकारी माणूस नाही.

दिवाळीनंतर पाड्यांवरची कितीतरी घरं वीटभट्ट्यांवर जातात. मुलंही जातात.

(एका मुलीची मूठ)

चार काकडं. घरी न्यायला.