वकिलाशिवाय तारखेला उभे राहताना

श्रोतेहो, नमस्कार. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांतील ज्या भगिनींचा माजी पतीकडून होणारा जाच फारकतीनंतरही थांबलेला नाही आणि ज्यांना तालुक्याच्या न्यायालयात वकिलाशिवाय स्वतःच उभे राहायचे आहे, त्यांच्यासाठी आजचे हे भाषण आहे. ज्याच्याबरोबर पूर्वी एका घरात संसार केला, त्याच्याविरुद्धही 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे संरक्षण मागता येते, आणि तो अर्ज तयार करण्यास संरक्षण अधिकाऱ्यांनी मदत करावी, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे.

अर्ज दाखल झाल्यावर तयारी कशाची करायची? तारीख, वेळ, बोललेले शब्द आणि पाहणारी माणसे यांची. पुन्हा सांगतो: तारीख, वेळ, शब्द आणि माणसे.

तापीकाठच्या एका गावातील ताईंची हकीकत मी जेथे संधी मिळेल तेथे सांगतो, आणि आजही सांगणार आहे. शिवणकाम करून दोन मुले वाढवणाऱ्या या ताई संध्याकाळी डेअरीतून दूध घेऊन परतत, नेमक्या त्याच वेळी त्यांचा माजी पती गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहत असे. पहिल्या तारखेला त्यांनी लग्नातल्या मानपानापासून सुरुवात केली आणि दिराच्या शेतीच्या वाटणीपर्यंत त्या पोहोचल्या, तेव्हा न्यायाधीशांनी त्यांना शांतपणे विचारले, “बाई, गेल्या महिन्यात काय घडले, ते सांगा.” ताई गप्प झाल्या. सांगण्यासारखे पुष्कळ होते, पण एकही तारीख ओठांवर येईना.

घरी आल्यावर त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. त्यावर रोजच्या दुधाचा हिशेब होता, आणि ज्या दिवशी तो माणूस आडवा आला, त्या दिवसाच्या चौकटीत त्यांनी सवयीने दोन शब्द लिहून ठेवलेले होते. (भिंतीवरची कॅलेंडरे हल्ली घराघरांतून नाहीशी होत आहेत, याचे मला फार वाईट वाटते, मोबाइलमधल्या तारखेशेजारी कोणी दुधाचा हिशेब लिहीत नाही.) त्यावरून ताईंनी एक कागद तयार केला: संध्याकाळी सात, गल्लीच्या तोंडाशी, “तुले देखी लिसू” असे म्हणाला, समोरच्या काकू ओट्यावर होत्या. धमकी अहिराणीत दिली होती, म्हणून ती अहिराणीतच लिहिली, आणि तेच योग्य झाले. कचेरीत गेल्यावर आपल्या बोलीची लाज वाटून घेण्याची खोड आपण केव्हा सोडणार आहोत, कोण जाणे.

उलटतपासात समोरच्या वकिलांनी सांगितले की हे सर्व खटल्यासाठी एका रात्रीत लिहिले आहे. ताईंनी पिशवीतून मूळ कॅलेंडर काढले आणि म्हणाल्या, “साहेब, रोज अर्धा लिटर लिहिले आहे, या एकाच दिवशी एक लिटर आहे. त्याने किटली उडवली, म्हणून मला परत दूध आणावे लागले. डेअरीची वही मागवून पाहा.” वही आली. त्या तारखेला ताईंच्या नावापुढे अर्धा लिटर दोनदा लिहिलेले होते. वकीलसाहेबांनी तो विषय सोडून दिला, आणि ताईंना संरक्षणाचा आदेश मिळाला.

आता उरलेल्या गोष्टी थोडक्यात. कागदांचे तीन संच करावेत: एक न्यायालयाचा, एक समोरच्या पक्षाचा, एक आपला. पोलीस ठाण्यातील तक्रारीची प्रत आणि दवाखान्याचे कागद त्यांत असावेत. मोबाइलवरील संदेश पुसू नयेत आणि फोनही बदलू नये, कारण केवळ छापील प्रत पुरेशी होत नाही. 2023 च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार तिच्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. विचारले तेवढ्याचेच उत्तर द्यावे; आठवत नसेल तर “आठवत नाही” असे म्हणण्यास संकोच करू नये. चारचौघांत बोलणे अवघड वाटत असेल, तर सुनावणी बंद दालनात घेण्याची विनंती करता येते.

वकील नाही म्हणजे सल्लाही नाही, असे मात्र समजू नका. स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी 15100 हा क्रमांक आहे. पुन्हा सांगतो: एक, पाच, एक, शून्य, शून्य.

आदेश झाल्यावर त्याची प्रत न्यायालयाकडून विनामूल्य मिळते. ती हातात आल्याशिवाय आवारातून निघू नका, किंवा कोणत्या दिवशी मिळेल ते विचारून घ्या. पोलीस ठाण्याकडेही प्रत जाते. ती पोहोचली की नाही, याची स्वतः चौकशी करा, कारण आदेश मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि ती तक्रार नोंदवायला तुम्हाला त्याच ठाण्यात जावे लागू शकते.