थांबायचं उद्या शिकू

[दृश्य: झिरो माईलचा खांब, दुरून. मध्ये लोखंडी बॅरिकेड. वाहनांचा आवाज.]

निवेदन:

ही फिल्म खरं तर या खांबावर होणार होती.

नागपूरचा झिरो माईल. १९०७ सालचा वालुकाश्माचा खांब, शेजारी घोड्यांचे पुतळे, आणि इथून कुठलं शहर किती मैलांवर आहे ते खाली कोरलेलं. ब्रिटिशांच्या सर्वेक्षणातला हा उंचीचा पक्का खुणेचा दगड, समुद्रसपाटीपासून १०२० फुटांवर. नागपुरात पाहुणा आला की त्याला इथे आणायचं आणि सांगायचं, "हा देशाचा मध्य." मलाही लहानपणी मामानं आणलं होतं. तेव्हा मी घोड्यावर चढायचा हट्ट धरला होता, एवढंच आठवतं.

वर्षाअखेरीला रजा उरल्या होत्या, त्या वाया घालवण्यापेक्षा पुण्याहून मामाकडे आले. आठ दिवस हाताशी, कॅमेरा सोबत. फक्त एक गोष्ट विसरले. डिसेंबर आहे. नागपुरात डिसेंबर म्हणजे हिवाळी अधिवेशन. १९५३ च्या नागपूर करारानं ठरलं की वर्षातून एक अधिवेशन इथे भरवायचं, आणि विधानभवन या खांबापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे चारी बाजूंनी पोलीस, बॅरिकेड, मोर्चे. मी ट्रायपॉड उघडला तसा एक हवालदार आला. रागावला नाही. म्हणाला, "ताई, खांब कुठे पळून नाही चालला. अधिवेशन झाल्यावर या ना."

अधिवेशन संपेपर्यंत माझ्या रजा संपणार होत्या.

[दृश्य: जिन्याखालची सायकल. फडक्यानं धूळ पुसणारा हात.]

मामाचं घर रामनगरला. तिथे पाहुणी म्हणून राहायचं तर चहानंतर पोहे येतात, पोह्यांनंतर दूध येतं, आणि त्यानंतर मामी म्हणते, "तू तर काहीच खाल्लं नाही." यातून सुटायचा एकच मार्ग मला सापडला: मामेभावाची सायकल. तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला तेव्हापासून ती जिन्याखाली उभी होती. म्हणायला एकवीस गिअरची. चालू एकच.

दुसऱ्या दिवशी सहाला निघाले. नागपूरचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे. नागपूरची डिसेंबरची पहाट माहीत असायला तिथे मामा असावा लागतो. हँडल धरलेली बोटं दोन मिनिटांत बधिर. फुटाळ्याला पोचले तर तलावावर वाफ तरंगत होती. हा तलाव भोसल्यांच्या काळातला. संध्याकाळी इथे मक्याची कणसं आणि गर्दी असते, सकाळी मात्र फक्त फिरायला आलेली म्हातारी माणसं आणि कुत्री.

तलाव मागे टाकला, कृषी विद्यापीठाच्या शेतांच्या कडेनं जरा पुढे आले, आणि मागचं चाक फुसकन बसलं.

[दृश्य: रस्त्याकडेचा छोटा पूल. पुलाच्या कठड्याला टेकवलेली लाल लेडीज सायकल. कॅमेरा खालीच: साडीचा काठ, खाली निळी ट्रॅक पँट, पायात कॅनव्हासचे बूट.]

पुलावर एक बाई बसल्या होत्या. छप्पन-सत्तावन्नच्या असाव्यात. पदर कमरेला खोचलेला, अंगात पुरुषी स्वेटर, डोक्याला मफलर.

"पंक्चर झाली का बाई?"

मी विचारलं, जवळ कुणी आहे का काढून देणारा.

"आहे ना. पण तो आठ वाजता येते. तोवर काय उभीच राहशील का? ये, मले धर जरा."

ओळख अशी झाली. नाव सांगितलं नाही, विचारलंही नाही. सायकलचा कॅरियर माझ्या हातात आला आणि त्या सीटवर बसल्या.

या फिल्ममध्ये तुम्हाला काकूंचा चेहरा दिसणार नाही. ती त्यांची अट. "पायाचं काढ, हाताचं काढ, तोंडाचं नको." घरी कुणालाच माहीत नव्हतं. सायकलसुद्धा रात्री घरी जात नसे, पंक्चरवाल्याच्या टपरीत साखळीनं बांधलेली असे. घरी सांगायचं, फिरायला जाते. एकदा पडल्या, कोपर सोललं, तर घरी बाथरूममध्ये घसरले म्हणून सांगितलं. त्यावर मुलानं बाथरूममध्ये रबरी मॅट आणून टाकली. हे सांगताना काकू इतक्या हसल्या की पुन्हा पडल्या असत्या.

[दृश्य: पाण्याची घमेली. पाण्यात बुडवलेली ट्यूब, बुडबुड्यांची माळ.]

पंक्चरवाला आठ वाजता आला. ट्यूब पाण्यात धरली, बुडबुडे आले तिथे बोट दाबलं, टायरच्या आतून हात फिरवला आणि चिमटीत एक काटा काढून दाखवला. "बाभूळ." कागदानं घासलं, सोल्यूशन लावलं, फुंकर घातली, तुकडा चिकटवून वर हातोडी ठोकली. पाच मिनिटं. त्याला मी म्हटलं, काकूंच्या सायकलची पॅडलं काढून दे आणि सीट खाली कर.

काकू हबकल्या. "पॅडल काढल्यावर चालवू काय?"

मोठ्या माणसाला शिकवायची ही सगळ्यात बरी रीत. पाय जमिनीला पूर्ण टेकतील एवढी सीट खाली आणायची आणि पायांनी ढकलत न्यायचं, आधी तोल, पॅडल नंतर. पंक्चरवाला कुरकुरत पाना घेऊन बसला. उजवं पॅडल पटकन निघालं. डावं निघेना, कारण डाव्याचे आटे उलटे असतात, चालवताना आपोआप सैल होऊ नये म्हणून. त्याला हे माहीत होतं, मला नव्हतं, आणि मी त्याला चुकीच्या दिशेनं फिरवायला सांगत होते. पुण्याच्या लोकांविषयी त्याचं मत त्या दिवशी पक्कं झालं.

[दृश्य: रस्त्यावर पडलेली सावली. सायकल, तिच्या मागे पळणारी दुसरी सावली.]

काकूंना सायकल का हवी होती? मला वाटलं होतं लहानपणी राहून गेलेली हौस वगैरे असेल. तसं विचारलंसुद्धा, कॅमेरा चालू ठेवून. मला हवं होतं तसं उत्तर मिळालं नाही.

"हौस? मी वड्या करते ना. सांबारवड्या."

पुण्या-मुंबईकडच्या लोकांसाठी सांगते: इथे सांबार म्हणजे कोथिंबीर. हिवाळ्यात ती स्वस्त आणि भरपूर, म्हणून वड्यांचा हंगामही हाच. काकू राहतात पांढराबोडीत. ताजा सांबार घ्यायचा तर सकाळी गोकुळपेठच्या बाजारात.

"ऑटोवाला चाळीस घेते जायचे, चाळीस यायचे. सांबाराची जुडी दहाची. तं मी सांबार आणून राहिली का ऑटो आणून राहिली?"

मग मुलाला का सांगत नाही?

"तो म्हणन, आई, ऑटोनं जा, पैसे मी देतो. पैशाचं नाही ना वो ते." थोडं थांबून, "म्हणजे पैशाचंच आहे. पण माह्या पैशाचं आहे."

यावर मी काही बोलले नाही. कॅरियर धरून पळत होते, दम लागला होता.

सायकल उभी का राहते, हे मी त्यांना समजावायला गेले. आपल्याला सांगतात की चाक भोवऱ्यासारखं फिरतं म्हणून. २०११ मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांच्या संशोधकांनी एक सायकल बनवली. तिच्यातला हा भोवऱ्याचा परिणाम त्यांनी मुद्दाम काढून टाकला होता. ढकलून दिली तर ती तरीही सरळ चालत राहिली. चाक फिरण्यापेक्षा हँडल कुठे वळतं याला महत्त्व आहे: ज्या बाजूला कलतोय त्याच बाजूला हँडल वळलं की तोल परत येतो.

"म्हणजे पडून राहिली तिकडेच वळवू?"

हो.

"उलटंच सांगून राहिली तू."

पण चौथ्या दिवशी त्यांनी तसं केलं. पॅडल परत बसवली होती. डावीकडे गेल्या, हँडल डावीकडे फिरलं, सायकल सावरली. त्यांना कळलंही नाही की मी कधीच हात सोडलाय. "सोडजो नको, सोडजो नको," असं ओरडत त्या माझ्यापासून पन्नास पावलं पुढे.

मग एकदम: "थांबवू कशी वो माय?"

ते शिकवायचं राहून गेलं होतं. मी धावले, कॅरियर पकडला, दोघी गवतात. काकू उठल्या, साडी झटकली. म्हणाल्या, "आज चालवायचं झालं. थांबायचं उद्या शिकू."

[दृश्य: काकूंचे हात. परातीत हिरवा ढीग.]

पाचव्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं. मुलगा-सून कामावर गेल्यावर. सांबार धुऊन पंच्यावर पसरलेला, अगदी कोरडा. ओला राहिला तर वडी तेलात फुटते. बारीक चिरून त्यात भाजलेला खोबऱ्याचा कीस, खसखस, चारोळी, तिखट, मीठ, लिंबू. बेसन आणि मैद्याची पारी लाटायची, तिला आतून चिंच-गरम मसाल्याचं बोट फिरवायचं, सारण ठेवायचं आणि पुडी बांधतात तशी घडी घालायची. दोन्ही टोकं दाबताना काकू अंगठ्याचं नख लावतात. प्रत्येक वडीच्या टोकाला चंद्रकोरीसारखी एक बारीक खूण राहते.

ती खूण मी ओळखली. लहानपणापासून ओळखते.

मामीच्या हातच्या सांबारवड्या आमच्या अख्ख्या खानदानात प्रसिद्ध आहेत. दर हिवाळ्यात डबा पुण्याला येतो. माझी आई दरवर्षी म्हणते, वहिनीसारखी वडी मला काही जमली नाही. प्रत्येक वडीच्या टोकाला चंद्रकोर.

रात्री जेवताना ताटात वडी आणि ताकाची कढी आली. मी टोकाकडे बघितलं, मग मामीकडे. मामीनं माझ्याकडे बघितलं. मामा म्हणाला, "काय झालं? तिखट झाली का?" मामी म्हणाली, "खाऊ दे ना तिले." (हा भाग ठेवू का, म्हणून मी मामीला फोन केला. म्हणाली, "ठेव. पण आईला आधी मी सांगते.")

आता मामीही गुपितात सामील. सहाव्या दिवसापासून मला सकाळी अडवणारं कुणी नव्हतं. उलट थर्मासमध्ये दोघींचा चहा.

त्या चहावर मी काकूंना पुदुक्कोट्टईची गोष्ट सांगितली. तमिळनाडूतला जिल्हा. १९९० नंतरच्या काळात तिथे साक्षरतेची मोहीम चालली, तिच्यासोबत बायकांना सायकल शिकवली गेली. शेतमजूर, खाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीतल्या, हजारोंनी बायका शिकल्या. काकूंनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला.

"साडीतच का?"

साडीतच.

"मग झालं तं." आणि कप ठेवून सायकलवर बसल्या.

थांबायचं मात्र जमेना. ब्रेक दाबायच्या, पण पाय खाली टेकवायची हिंमत होईना, आणि सायकल उभी राहिली की आडवी व्हायची. दरवेळी मी धावत जाऊन पकडायची. रोज म्हणायचं, उद्या शिकू. मला आता वाटतं की त्यांनाही घाई नव्हती आणि मलाही. ते एक जमलं असतं तर मागे धावायला माझं काय काम होतं?

[दृश्य: गोकुळपेठ बाजार, सकाळ. पोती उघडणारे हात, पाणी मारलेल्या भाज्या. कॅमेरा हलतो आहे, कारण कॅमेरा धरणारी सायकलवर आहे.]

आठवा दिवस. संध्याकाळची माझी गाडी. काकू म्हणाल्या, आज बाजारात जाऊ. मी म्हटलं, अजून थांबता येत नाही तुम्हाला. म्हणाल्या, "तू हायस ना मागं."

पण मी मागे सायकलवर, हातात फोन. उतरून पळणार कशी?

रस्ता मोकळा होता. एक दूधवाला, एक शाळेची व्हॅन. व्हॅन गेली तेव्हा हँडल थरथरलं, सावरलं. पिशवी हँडलला अडकवलेली. घंटी त्या उगाचच वाजवत होत्या.

बाजार आला. कोपऱ्यावर त्यांची नेहमीची सांबारवाली बसली होती. तिनं काकूंना सायकलवर पाहिलं आणि हातातली जुडी तशीच राहिली. काकू तिच्यासमोरून गेल्या.

पुढे गेल्या.

"अवो, थांबा ना!" सांबारवाली.

"थांबता नाही येत वो!" काकू.

त्या अख्खी लाईन फिरून परत आल्या. दुसऱ्या फेरीला संत्रेवाला टोपली मागे ओढून उभा राहिला. तिसऱ्या फेरीला बटाट्याचं एक भरलेलं पोतं रस्त्याच्या कडेला होतं. काकूंनी ते हेरलं, वेग कमी केला, डावा पाय लांब केला, पोत्यावर ठेवला. सायकल थांबली. उभी. काकूही उभ्या.

फोन माझ्या हातात होता, पण ते चित्र हललेलं आलंय. तुम्हाला दिसतंय ते पोतं आहे आणि बूट आहे.

[दृश्य: पोत्यावरचा कॅनव्हासचा बूट. लेस सुटलेली.]

सांबारवालीनं विचारलं, "किती देऊ?"

काकूंनी श्वास घेतला. "ऑटोचे ऐंशी वाचले," त्या म्हणाल्या. "आठ जास्तीच्या दे." मग माझ्याकडे वळून, "आता बंद कर ते, अन् पिशवी धर."