तान्ह्याचे कान आणि आईवरचा आळ

नमस्कार, श्रोतेहो.

बाळाला ऐकू येत नाही असं कळलं की आपल्याकडे पहिला प्रश्न डॉक्टरांना विचारला जात नाही, आईला विचारला जातो. ग्रहण पाळलं होतंस ना? दिवस गेलेले असताना काय खाल्लंस? मग तिच्या माहेरच्या माणसांची चौकशी सुरू होते. मी कानाच्या चाचण्या करते. खोलीबाहेरच्या बाकावर चाललेलं हे बोलणं मला दारातून ऐकू येतं, आणि त्या बाईची मान खाली गेलेली दिसते. म्हणून आज बोलायचं आहे ते एका जनुकाबद्दल. त्याचं नाव जीजेबी-२.

जन्मतः कायमचं बहिरेपण जगभरात हजारातल्या एक-दोन बाळांना असतं. त्यातल्या निम्म्याहून अधिक बाळांत कारण जनुकात सापडतं, आणि अनेक देशांत त्यात सगळ्यात पुढे असतं ते जीजेबी-२. आपल्या १३ क्रमांकाच्या गुणसूत्रावर ते बसलेलं आहे. बहिरेपणाशी त्याचा संबंध १९९७ साली उघड झाला.

हे जनुक शरीराला कनेक्सिन-२६ नावाचं प्रथिन कसं घडवायचं ते सांगतं. हे प्रथिन पेशीच्या बाहेरच्या पडद्यात राहतं, चार वेळा त्या पडद्याच्या आरपार जातं. अशी सहा प्रथिनं गोलाकार उभी राहिली की मध्ये नळी तयार होते. शेजारच्या पेशीनेही तशीच नळी केलेली असते आणि दोन्हींची तोंडं एकमेकांना अचूक जुळतात. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी परसात आणायला आपण पोफळीच्या पन्हळी एकीला एक लावतो ना, तसंच. एक पन्हळ मोडकी निघाली तर झरा वाहता असूनही हंडा रिकामाच.

कानात हे कुठे लागतं? आतल्या कानाच्या शंखाकृती भागात, म्हणजे कॉक्लियात, साधारण १५ हजार केसपेशी असतात. आवाजाची लाट आली की त्यांच्यावरचे बारीक केस हलतात, पोटॅशियमचे कण पेशीत शिरतात आणि मेंदूकडे संदेश निघतो. पण ते कण तिथून हलवून पुन्हा फिरवावे लागतात. आजूबाजूच्या आधारपेशी ते काम करतात, याच नळ्यांमधून. नळ्याच धड नसतील तर आवाज पोचूनही पुढचं काम होत नाही. कनेक्सिन-२६ ही २२६ दुव्यांची साखळी आहे. भारतात वारंवार आढळणाऱ्या दोषात २४व्या जागी चुकून ‘थांबा’ असा निरोप लिहिला जातो आणि साखळी तिथेच तुटते. या बिघाडावर कानात कोमट खोबरेल घालून काही होत नाही. उलट तान्ह्याच्या कानात तेल घालूच नये.

आता त्या बाकावरच्या बोलण्याकडे येऊ. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम सांभाळते आणि त्या माणसाला छान ऐकू येतं. ‘आमच्या घराण्यात कुणी बहिरं नाही’ हे सासरचे सांगतात ते खरंच असतं, पण त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. बाळाला साधारणपणे तेव्हाच ऐकू येत नाही जेव्हा दोन्हीकडून बिघडलेली प्रत येते. म्हणजे वाटा आईचा जेवढा, तेवढाच बापाचा. ग्रहणाचा यात काडीचा संबंध नाही. मामाच्या मुलीशी किंवा जवळच्या नात्यात लग्न झालं असेल तर दोघांकडे तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते, एवढं मात्र लक्षात ठेवा. दोघेही वाहक, म्हणजे एकेक बिघडलेली प्रत बाळगणारे, असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला ऐकू न येण्याचा चारातला एक संभव. पहिली दोन मुलं ऐकणारी झाली म्हणून तिसऱ्याचा संभव कमी होत नाही, की वाढतही नाही. रक्ताच्या चाचणीत हे कळू शकतं.

घरी काय होतं, तर आजी पाठीमागे उभी राहून ताट वाजवते. बाळ मान वळवतं आणि सगळे निर्धास्त होतात. बाळाने हाताची सावली पाहिलेली असते, किंवा जमिनीचा हादरा त्याला जाणवलेला असतो. वर कुणीतरी म्हणतं, बापूस पण उशिराच बोलला होता. असं करता करता दोन-तीन वर्षं निघून जातात. भाषा शिकण्याचे मोलाचे दिवस तेच असतात, आणि मला या वाट बघण्याचा खरोखर राग येतो. महिन्याच्या आत पहिली चाचणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार, हा जगभर मानलेला क्रम आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच कोकणपट्टीतल्या पालघरमधून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत जन्मजात बहिरेपण आहेच. त्याची पथकं अंगणवाडीत येतात. आशाताईंना विचारा. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा रुग्णालय, आणि मुंबईत वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या दोषांवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

जीजेबी-२च्या बहुतेक मुलांत ऐकण्याची नस शाबूत असते, त्यामुळे कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या यंत्राचा, गुण सहसा चांगला येतो. काहींना श्रवणयंत्र पुरतं. काही कुटुंबं सांकेतिक भाषा निवडतात, तीही पूर्ण भाषा आहे. पात्र मुलांना एडिप या केंद्राच्या दिव्यांगांसाठीच्या योजनेतून मदत मिळते. मात्र शस्त्रक्रियेनंतर बोलण्याचा सराव वर्षानुवर्षं करावा लागतो, आणि घरातल्या प्रत्येकाने करून घ्यावा लागतो.

एक सांगायचं राहिलं. काही बाळं पहिल्या चाचणीत पास होतात आणि ऐकणं पुढे कमी होतं. म्हणून वर्षाचं बाळ हाकेला वळत नसेल तर जुना कागद दाखवून गप्प बसू नका, पुन्हा घेऊन या. येताना बाळाला पाजून आणा. झोपलेल्या बाळाची कानात बारीक नळी ठेवून होणारी चाचणी काही मिनिटांत उरकते. आणि बाळाच्या बापालाही सोबत आणा, समजावून सांगायचं असतं ते दोघांना.

नमस्कार.