पाय मोजा, मग नाव ठेवा

नमस्कार श्रोतेहो!

किड्याचा फोटो काढला की पहिला प्रश्न, "हा कोण?" उत्तर शोधण्याआधी पाय मोजायचे. सहा असले तर कीटक, आठ असले तर कोळी. हे शाळेत झालंय आपलं. पण फोटोत पाय मोजणं काय असतं, ते मी सावंतवाडीजवळ आत्याकडे शिकले.

मे महिना. अंगणातल्या आंब्यावर ओंबिलांनी घरटी केलेली. ओंबील म्हणजे त्या तांबड्या, कडकडून चावणाऱ्या मुंग्या. पानं ओढून धरतात आणि आपल्याच अळ्यांच्या रेशमानं शिवतात. खोडावर एक ओंबील एकटीच फिरत होती. मी वरून चार फोटो काढले, ओळखीच्या प्राणिशास्त्राच्या सरांना पाठवले, खाली ऐटीत लिहिलं, 'ओंबील'. सरांचं उत्तर दोन शब्दांत: 'पाय मोजा.' मोजले. सहा पाय, दोन मिशा. तसं कळवलं. पुन्हा तेच, 'पाय मोजा.'

मी वैतागले. आत्या आंबोशी वाळत घालत होती. तिनं चष्मा पुसून फोटो पाहिला. म्हणाली, हीच ना, मघाशी मी झटकली तर दोऱ्यावर लोंबकळत राहिलेली? आणि मग मालवणीत, "मुंगयेक खंयसून इलो गो दोरो?"

फोटो मोठा केला. माझ्या 'मिशा' डोक्याच्या टोकातून फुटतच नव्हत्या. बाकीचे पाय जिथून निघतात तिथूनच निघत होत्या. म्हणजे पाय आठ! हा उड्या मारणारा कोळी, मिरमाप्लाटा प्लाटेलॉइडिस. पुढचे दोन पाय उचलून मिशांसारखे हलवतो. नराचे जबडे तर इतके लांब, की मुंगी तोंडात दुसरी मुंगी धरून चाललीये असं वाटावं. चावऱ्या ओंबिलीच्या वाटेला सहसा कुणी जात नाही, म्हणून हे सोंग.

आता वेळ थोडा उरलाय. फोटो तीन काढा: वरून, बाजूनं आणि समोरून. समोरून कशाला? कोळ्याचं कूळ डोळ्यांच्या मांडणीवरून कळतं. उड्या मारणाऱ्याचे मधले दोन डोळे मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे असतात. फुलावरच्या 'मधमाशी'ला पंख दोनच दिसले तर ती मधमाशी नाही, तिचं सोंग घेतलेली माशी; मधमाशीला चार. झाड कुठलं, गाव कुठलं, तारीख काय, आणि तो करत काय होता, तेही लिहा. आत्याचा दोरा माझ्या एकाही फोटोत नव्हता.

आणि हो, मोबाइलमधलं ते चेहरा गुळगुळीत करणारं प्रकरण बंद ठेवा. माणसाच्या सुरकुत्या तरी का पुसायच्या, मला कळत नाही. कोळ्याची लव पुसली तर ओळखायचं काय?

समोरून काढलेला फोटो माझ्याकडे अजून नाही. आत्याला फोन केला, तर म्हणाली, खोडावर असतातच ते. येत्या मे महिन्यात जातेय. पाय मोजायला.