हळीव कधी पेरायचं?

नमस्कार श्रोतेहो. गणपतीला कोकणात जायचं म्हटलं की आपण 60 दिवस मागे मोजून रेल्वेच्या आरक्षणाची तारीख काढतो. हे मागे मोजणं मुलांना कधी शिकवतो? त्यांचं दप्तर मात्र रोज आपणच भरतो.

माझ्या भाच्याची गोष्ट सांगते. लालबागला चाळीत राहतो, तेव्हा तिसरीत होता. दिवाळीत प्रतापगड करणार, हे गणपतीपासून ऐकवत होता. पण माती आली धनत्रयोदशीला. विटा रचल्या, ओलं गोणपाट टाकलं, चिखल थापला. बुरूज झकास! रात्री वर हळीव भुरभुरलं आणि झोपला. सकाळी पाहतो तर गड बोडका. भाऊबीजेला मी गेले तेव्हा कुठे कोंब दिसत होते. "आत्या, गवत वेळेवर आलंच नाही गं," म्हणून रडवेला झाला. वहिनी म्हणाली, "पुढच्या वर्षी मी पेरून देईन हो." मी म्हटलं, "नको वहिनी, त्यालाच मोजू दे."

पुढच्या वर्षी त्याने आधी वाटीत ओल्या कापसावर हळीव टाकून पाहिलं. बोटभर वाढायला सहा दिवस लागले. मग भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं, वसुबारसेवर बोट ठेवलं आणि मागे सरकत गेला. पेरणी सहा दिवस आधी. चिखल त्याच्या आदल्या दिवशी. माती त्याच्याही आधीच्या रविवारी, कारण मधे सहामाही परीक्षा. वसुबारसेला गड हिरवागार!

ते प्लास्टरचे तयार किल्ले मला मुळीच आवडत नाहीत. हात चिखलात गेलेच पाहिजेत. आणि सोसायट्यांना कळकळीने सांगते, दिवाळीत एका गाडीची जागा पोरांच्या किल्ल्याला सोडा.

तर, शेवटापासून मागे मोजायचं. पुन्हा सांगते, शेवटापासून मागे. आखणी करणारा मेंदूचा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. म्हणून आठ वर्षांचं मूल विसरलं तर त्याला आळशी म्हणू नका. तारखा डोळ्यांसमोर राहू द्या, भिंतीवर, त्याच्या उंचीला, त्याच्याच अक्षरात.

आज रात्री एवढंच विचारा, "उद्या काय काय लागेल रे?" आणि दप्तर त्यालाच भरू द्या. कंपासपेटी राहिली तर राहू द्या. ती घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत धावू नका. नमस्कार.