भांड्यात किती ओतलं, किती उरलं

मंडळाने पत्रिकेवर विषय छापलाय, 'श्वानांचे दैनंदिन जल-व्यवस्थापन'. वाचून मला वाटलं, उजनीवर बोलायला बोलावलंय. सोलापुरात माणसाला नळाचं पाणी काही दिवसांआड मिळतं आणि हा डॉक्टर कुत्र्याच्या पाण्यावर बोलणार! असू दे. आलाच आहात तर ऐका.

नामदेव महाराजांची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. कुत्र्याने पोळी पळवली, महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावले. भक्ती म्हणून थोरच, पण पशुवैद्य म्हणून माझा एक बारीक आक्षेप आहे. कोरडी पोळी खाल्लेल्या जिवामागे तांब्या घेऊन धावायला हवं होतं. (हशा) वारकरी मंडळींनी माफ करावं. या खात्यात नाथमहाराज पुढे. काशीहून आणलेली कावड त्यांनी तहानलेल्या गाढवाच्या तोंडात ओतली.

आता माझी तक्रार. पस्तीस वर्षांत मी हजारो लोकांना विचारलं, "पाणी किती पितो?" उत्तरं तीनच. "पितो की", "नॉर्मल" आणि "भरपूर". दुधाचा हिशेब पावशेरापर्यंत तोंडपाठ असतो, पाण्याचा कुणाकडेच नसतो.

एक बाई राणीला घेऊन आल्या. सात वर्षांची कुत्री, वीस किलोची, नसबंदी न केलेली. "डॉक्टर, ही रात्री घरात घाण करते, गोळी द्या." जेवण कमी झालं होतं, पण तक्रार फरशीची. शेजारच्या कुणीतरी सल्ला दिला होता, संध्याकाळी सहानंतर भांडं उचलून ठेवा. यांनी ठेवलं. राणी तुळशीखालच्या ताटलीतलं पाणी चाटू लागली. ताटली उचलली. मग न्हाणीघरातली बादली. दाराला कडी घातली. शेवटी कूलरच्या टाकीत तोंड घालताना सापडली आणि वर मारही खाल्ला. मी म्हटलं, ताई, दोन दिवस पाणी अडवू नका, फक्त मोजा, आणि तिसऱ्या दिवशी या. दुसऱ्याच दिवशी दुपारी फोन आला, "अहो, अडीच लिटर संपलं!" तशाच घेऊन या म्हटलं. गर्भाशयात पू झाला होता. रात्रीच ऑपरेशन केलं. वाचली.

माझं म्हणणं एवढ्याच गोष्टीत आहे. राणी पाणी जास्त पीत होती म्हणून लघवी जास्त होत नव्हती. त्या पुवाच्या विषाने मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नव्हतं, लघवीवाटे सगळं निसटत होतं आणि ते भरून काढायला ती बिचारी पीत होती. आपण उचललं काय, तर भांडं!

पाण्याबद्दलचे आपले समज हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. फाटकाला लाल पाण्याच्या बाटल्या टांगतात, कुत्रं येऊ नये म्हणून. कुत्र्याला निळा-पिवळा दिसतो. लाल त्याला लाल दिसतच नाही. आमच्या गल्लीतला एक रोज नेमाने त्याच बाटलीखाली पाय वर करतो. दुसरा समज मात्र जिवावर बेतणारा. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला घाबरतं म्हणे. पाण्याची ती भीती रेबीज झालेल्या माणसाला वाटते. कुत्र्याचा घसा लुळा पडतो, त्याला गिळता येत नाही. पाण्यात तोंड घालून उभंही राहील. तेव्हा 'पाणी पितंय, म्हणजे पिसाळलेलं नाही' असं म्हणून घरी बसू नका. चावलं की जखम पंधरा मिनिटं साबणाने धुवा आणि लस घ्या.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे मूळ विषय आता पाच मिनिटांत.

तर हिशेब. किलोमागे दिवसाला साधारण 50 ते 60 मिली. दहा किलोच्या कुत्र्याला अर्धा लिटर किंवा थोडं वर. किलोमागे 100 मिलीच्या पुढे रोज जात असेल तर दवाखाना गाठा. मूत्रपिंड, मधुमेह, हार्मोन्स, काहीही असू शकतं. खाजेसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तरी तहान वाढते, तेही सांगा. सकाळी मोजून ओता, दिवसभरात भर घातली तर तीही लिहा, दुसऱ्या दिवशी उरलेलं वजा करा. असं तीन दिवस. दोन कुत्री असतील तर भांडी वेगळी, नाहीतर कोण किती प्यायलं ते देवालाच ठाऊक.

खाण्याचा फरक धरा. पाकिटातल्या कोरड्या खाण्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपास, डब्यातल्या ओल्यात पाऊणाहून जास्त. ओलं खाणारं कमी पितं, घाबरू नका. उन्हाळ्यात तहान वाढणारच. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड करतं, आणि त्यात पाणी उडतं. पीतच नसेल तर खाण्यात कोमट पाणी घाला. चिकनचं पाणी चालेल, कांदा-लसूण-मीठ अजिबात नको. भांडं रोज घासा, तो बुळबुळीत थर नुसतं विसळून जात नाही. दारातल्या सिमेंटच्या कुंडीलाही हेच, नाहीतर पुण्य कुत्र्याचं आणि पैदास डासांची. आणि रात्री भांडं उचलायचं नाही!

घंटा वाजली. मापाचं भांडं घरात नाही, असं आता कुणीतरी म्हणेलच. फाटकावरची ती लिटरची बाटली काढा, लाल पाणी ओतून द्या, स्वच्छ धुवा आणि उद्या सकाळपासून तिनेच मोजा.